लिफ्ट केली नाही, फक्त टायर मोठे घातले

मालवाहू म्हणून नोंदलेली पिकअप, कर्जावर घेतलेली. कंपनीने दिलेले 235/75 आर 15 टायर काढून दोन महिन्यांपूर्वी 265/75 आर 15 घातले. लिफ्ट, म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी उंच करणं, केली नाही. आता स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर आत घासतो, म्हणून मेकॅनिक दोन इंच लिफ्ट करायला सांगतोय. फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र, पुढच्या महिन्यात संपतंय. ‘नुसते टायर बदलले तर आरटीओ काही म्हणत नाही, लिफ्ट केली तरच भानगड होते,’ असं टायरवाल्याने सांगितलं. ते खरं का, आणि लिफ्ट करू का, असं एका वाचकाने विचारलंय. गाडीचं नाव आणि टायरचं माप बदलून हाच प्रश्न माझ्याकडे सतत येतो.

टायरवाल्याने सांगितलं ते चूक आहे. लिफ्ट करू नका.

मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52(1) वाचा. निर्मात्याने मुळात जे ठरवून दिलंय त्याच्याशी आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही, असं ते म्हणतं. गाडी उंच झाली की नाही, हा प्रश्नच तिथे नाही. आणि टायरचं म्हणाल, तर या कलमाला हे रूप देणारी दुरुस्ती 2000 साली झाली. तिच्या उद्देशपत्रात फेरबदलांना मनाई करताना जास्त क्षमतेचे टायर बसवण्याचा थेट उल्लेख आहे. कारण दिलंय रस्त्यावरची सुरक्षितता आणि पर्यावरण. केरळमधून आलेल्या प्रकरणात जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आणि उच्च न्यायालयाचा मालकाच्या बाजूने लागलेला निकाल फिरवला. ‘टायरला कोण विचारतंय’ हे ऐकून पैसे मोजण्याआधी एवढं कुणाला तरी विचारायला हवं होतं. दुकानदाराला टायर विकायचे होते. आरसीवर नाव तुमचं आहे.

तुमची गाडी मालवाहू असल्यामुळे कलम 58 सुद्धा लागतं. मालवाहू गाडी नोंदवताना प्रत्येक चाकाच्या टायरची संख्या, प्रकार आणि माप, तसंच गाडीचं एकूण वजन आणि प्रत्येक ॲक्सलचं (दोन चाकं जोडणाऱ्या आसाचं) नोंदणीकृत वजन नोंदवायचं असतं. टायरच्या मापात किंवा प्रकारात बदल झाल्यामुळे ही वजनं जुळेनाशी झाली तर कलम 52 लागू होतं, असं 58(4) मध्ये लिहिलंय. खासगी म्हणून नोंदलेल्या पिकअपवाल्याला ‘माझ्या आरसीवर टायरचं मापच नाही, मग विसंगती कुठली’ असा युक्तिवाद करायला थोडी जागा आहे. तो किती टिकेल हे समोरचा अधिकारी आणि पुढे न्यायाधीश यांच्यावर आहे. तुम्हाला तेवढीही जागा नाही.

म्हणून पहिलं काम एकच: तुमच्या मॉडेलसाठी कंपनीने कोणकोणती मापं मंजूर करून घेतली आहेत ते शोधा. दाराच्या चौकटीवरचा टायरच्या हवेचा स्टिकर बघा, मालकासाठीचं पुस्तक बघा. कधी कधी त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी मोठं माप देते. 265/75 आर 15 तुमच्याच मॉडेलला, त्याच वजनाच्या गाडीला दिलेलं असेल, तर कंपनीकडून तसं लेखी पत्र घ्या आणि ते जोडून आरटीओकडे नोंदीसाठी अर्ज करा. पत्र निर्मात्याचं हवं. शोरूममधल्या कुणी फोनवर सांगितलं, हे कुठेही चालणार नाही. माप त्या यादीत नसेल तर मूळ मापाचे टायर परत घाला. तुमच्या पत्रात लिहिलंय की जुने टायर त्याच दुकानात बदल्यात दिले. म्हणजे आता नवे घ्यावे लागतील. खर्च दुखेल, पण दुसरा रस्ता नाही.

कलम 52 मधले 14 दिवस वाचून काही जण विचारतात की वेळेत कळवलं असतं तर चाललं असतं का. नाही. ती मुदत बदल कळवून आरसीवर नोंद करून घेण्यासाठी आहे. जो बदल करायलाच मनाई आहे तो कळवल्याने कायदेशीर होत नाही.

फिटनेसची तारीख मात्र पाळायलाच हवी, आणि इथे लोक एक युक्ती करतात जिची मला खरोखर चीड येते. तपासणीच्या दिवसापुरते कुणाचे तरी मूळ मापाचे टायर लावायचे, शिक्का मिळाला की संध्याकाळी मोठे परत चढवायचे. असं अजिबात करू नका. कलम 56 प्रमाणे फिटनेस नसलेली मालवाहू गाडी वैध नोंदणीचीच धरली जात नाही, आणि गाडी नियमांत बसत नाही असं दिसलं तर दिलेलं फिटनेस कारण नोंदवून रद्द करता येतं. त्यानंतर अपघात झाला तर काय होतं? 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरती नोंदणी संपलेल्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारणं योग्य ठरवलं. वैध नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणणं हा पॉलिसीचा मूलभूत भंग आहे, असं म्हटलं. तुमच्या विमा कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला तो निकाल पुढे करेल.

दंडाचं थोडक्यात. 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 182ए(4) सांगतं की परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे नीट वाचा. टायर हा एक बदल झालाच आहे. तो घासतोय म्हणून लिफ्ट केलीत तर दुसरा होईल.

लिफ्टबद्दल आणखी एक सांगते, कारण मेकॅनिक ते सांगत नाहीत. बऱ्याच मालवाहू पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. चेसी (गाडीचा सांगाडा) आणि ॲक्सल यांच्यातल्या अंतरावरून तो गाडी भरलेली आहे की रिकामी हे ओळखतो आणि मागच्या ब्रेकचा दाब त्याप्रमाणे कमीजास्त करतो. मागून दोन इंच उचललं आणि त्या व्हॉल्व्हची दांडी पुन्हा लावून घेतली नाही, तर भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक हवे तेवढे लागत नाहीत. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून हे बघू शकतो.

टायरच्या बाजूवरचे आकडेही वाचा. मापानंतर भाराचा अंक असतो. 112 म्हणजे एका टायरवर 1120 किलो, 106 म्हणजे 950 किलो. मागच्या दोन टायरचा हिशोब केला तर 2240 किलोची ताकद 1900 वर येते. रुंद आणि दणकट दिसणारा टायर मालवाहू टायरपेक्षा कमी भार पेलणारा असू शकतो. तुमच्या नव्या टायरवर मूळ अंकापेक्षा लहान अंक असेल तर आजपासून पूर्ण माल भरणं थांबवा, फिटनेसची वाट बघू नका. वेगाचंही तसंच आहे. मूळ टायरचा व्यास साधारण 733 मिलिमीटर, नव्याचा 778. फरक सहा टक्के. काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी 85 च्या आसपास पळते. स्पीड गव्हर्नर, म्हणजे ठरावीक वेगापुढे गाडी जाऊ न देणारं यंत्र, असेल तर त्याचाही हिशोब तेवढाच चुकतो.

अपघात झाला तर विमा मिळेल का, याला मी हो किंवा नाही म्हणणार नाही. तिऱ्हाइताच्या भरपाईत विमा कंपनीला कायद्याने मोजकेच बचाव दिलेत, त्यामुळे जखमी माणसाला पैसे बहुधा मिळतात. कंपनी नंतर तुमच्याकडून वसूल करू पाहील. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीत अडचण येईल. काही प्रकरणांत अटीचा भंग असूनही दाव्याच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळालेली आहे, पण त्यासाठी भांडावं लागतं. ग्राहक आयोगाने शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांमागून तारखा पडतात, वर्षं जातात, आणि तोवर कर्जाचे हप्ते तुम्हीच भरता. कर्जाचा करारही काढून वाचा. वित्त कंपनीच्या लेखी संमतीशिवाय गाडीत बदल करणार नाही, असं कलम त्यात असण्याची दाट शक्यता आहे.

टायरवाल्याकडून पैसे परत मिळतील का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. ग्राहक तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे, ती तुमच्या हातात आहे. अडचण वेगळी आहे: व्यावसायिक कारणासाठी केलेली खरेदी या कायद्यात येत नाही. गाडी तुम्ही स्वतः चालवत असाल आणि पोट पूर्णपणे तिच्यावरच असेल तर येते. चालक ठेवून तीन-चार गाड्या फिरवत असाल तर आयोगाचा नाद सोडा. शिवाय तुमच्या पावतीवर नुसतं ‘टायर 4 नग’ लिहिलंय. दुकानात जाऊन माप आणि गाडीचा क्रमांक लिहिलेली पावती मागा. ‘टायरला परवानगी लागत नाही’ हे दुकानदाराने मेसेजवर कुठे म्हटलं असेल तर तो मेसेज पुसू नका. आणि टायर उतरवण्याआधी चारही टायरच्या बाजूवरच्या मजकुराचे, माप, भाराचा अंक आणि बनवल्याचा आठवडा वाचता येईल असे, फोटो काढून ठेवा.