इन्फ्रारेड 400 फिल्म घरी धुवायला वेगळा डेव्हलपर-फिक्सर लागतो का? (ठाणे)

नाही लागत, रोलायची इन्फ्रारेड 400 असो की इलफर्डची एसएफएक्स 200, साध्या डी-76 डेव्हलपरमध्ये (किंवा आयडी-11, जवळपास तेच आहे) आणि कुठल्याही रॅपिड (झटपट) फिक्सरमध्ये मस्त धुतली जाते. कारण इन्फ्रारेडपणा फिल्मला दिलेल्या सेन्सिटायझिंग डायमुळे (इन्फ्रारेड उजेड टिपायला लावणाऱ्या रंगद्रव्यामुळे) येतो, आत चांदीचीच हॅलाइड असतात, केमिकलला काय फरक पडणार. मी डी-76 एकास एक पाण्यात पातळ करून वापरतो, कॅमेऱ्याला इन्फ्रारेड फिल्टर लावला की झाडं पांढरीफेक आणि आभाळ काळं येतं, त्यात कॉन्ट्रास्ट अजून चढला तर प्रिंट काढताना डोक्याला ताप. रोडिनल डेव्हलपर नको, ग्रेन (फोटोतले दाणे) फार उठतो.

फिक्सरचा टाइम असा काढ: कापलेल्या लीडरचा (फिल्मच्या सुरुवातीच्या बाहेर आलेल्या पट्टीचा) तुकडा उजेडातच फिक्सरमध्ये टाक, दुधट रंग जाऊन पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट. जुना सोडियम थायोसल्फेटवाला हायपो पण चालतो, फक्त हळू.

आपल्या ठाण्यात खरा त्रास टेम्परेचरचा, मे महिन्यात नळाचं पाणीच तिशीच्या आसपास असतं, सगळ्या बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवून 24 डिग्रीवर आण आणि डेव्हलपरला 20 ला 10 मिनिटं लिहिली असतील तर 24 ला साधारण 7 धर, शेवटचं धुवायचं पाणी पण त्याच्या जवळपासच ठेव.

फक्त एक, रोलायची फिल्म कॅमेऱ्यात भरताना-काढताना पूर्ण अंधारच हवा, तिचा बेस पारदर्शक असल्याने लीडरमधून उजेड आत शिरतो आणि सुरुवातीच्या फ्रेम जातात, मग डेव्हलपर कितीही भारी असला तरी उपयोग नाही.