आठे बठ

पोरी,

तुझं बनारसचं चित्र रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर आलं. खाली लिहिलं होतंस, "सर, कसं वाटतं?" आणि त्याच्याही खाली, "श्रावणात कानबाई देवीच्या सणाच्याच आठवड्यात बनारसला आठ दिवसांचं वर्कशॉप आहे. जाऊ का?" तुला दोन ओळींत उत्तर हवं असणार. ते मला जमलं नाही, म्हणून कागद घेतला.

आधी चित्राचं बोलू. नावेची सावली एका दमात टाकलीस आणि नंतर हात लावला नाहीस, ते मानलं. पण तू बनारस पाहिलंयस कुठे? घाटावर छत्रीखाली बसलेला तो म्हातारा तुझ्या चित्रात आला कुठून? तोच म्हातारा, तीच छत्री, तीच डावीकडे झुकलेली नाव मी शंभर चित्रांत पाहिली आहे. त्यांतली चाळीस माझीच आहेत, तेव्हा हा राग नुसता तुझ्यावर नाही.

तुझा हात चांगला आहे हे तुलाही ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. मला सांगायचंय ते एवढंच, आणि ते माझंही नाही, माझ्या आईचं आहे: आठे बठ. इथे बस. शहरातल्या मैत्रिणींसमोर तू अहिराणी बोलायला लाजतेस, म्हणून मुद्दाम तसंच लिहितो. आठे बठ.

बस म्हणजे नुसती टेक नव्हे. एके वर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेलो होतो. एका व्यापाऱ्याच्या राहुटीसमोर गोणपाट टाकून बसलो. पहिला दिवस सगळा वाया. घोडा हलतो, मान फिरवतो, शेपूट मारतो. माझ्या कागदावर सोळा पाय आणि एकही घोडा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात जनावरं सुस्तावली तेव्हा दिसलं, की उभा घोडा चारही पायांवर सारखा भार देतच नाही. मागचा एक पाय सैल सोडतो, खुराचं टोक तेवढं जमिनीला लावून ठेवतो, आणि त्या बाजूचं कुल्लं खाली उतरतं. थोड्या वेळानं पाय बदलतो. तेवढं एक कळलं आणि तिसऱ्या दिवशी दोन तासांत सहा घोडे उभे राहिले. व्यापारी म्हणाला, "मास्तर, आता यांना खरेदीच करा." फोटो काढणारे माझ्या डोक्यावरून कॅमेरे धरून पाच मिनिटांत पुढे जात होते. जाऊ देत.

आता तुझ्या केळीबागेकडे येऊ. गेल्या वर्षी तू जे चित्र आणलंस त्यातलं पान न् पान सबंध होतं. आपल्याकडचा वारा केळीचं पान सबंध ठेवतो का गं? शिरेपर्यंत चिरून त्याच्या झिरमिळ्या करतो. आणि हिरवा तू ट्यूबमधून काढला होतास. सकाळी बांधावर बस आणि बघ. उन्हाकडे तोंड करून बसलीस की पानाच्या आरपार उजेड येतो, तो हिरवा जवळजवळ पिवळा. उन्हाकडे पाठ केलीस की त्याच पानावर आकाश पडलेलं दिसतं, निळसर राखाडी. एका खोडाला दोन-तीन हिरवे लटकत असतात. तुझा जन्म रावेर तालुक्यातला आणि हे तुला मी सांगायचं?

पहिल्या पावसानंतरची काळी माती तू पेन्स ग्रे या तयार काळपट राखाडीनं भरतेस. तो रंग आधी पेटीतून काढून टाक. बर्न्ट सिएनाच्या तपकिरीत अल्ट्रामरीनचा निळा सोड, कागद ओला असताना. दोन्ही रंग आपापल्या जागी बसतात, कण वेगळे दिसतात, आणि ती माती वाटते.

ऊनसुद्धा इथलंच शिकावं लागतं. पुस्तकात लिहितात, कागदावरची चमक जाईपर्यंत थांबा. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, उजव्या टोकाला पोचायच्या आत डावं टोक वाळलेलं असतं. कसली चमक न् कसलं थांबणं. म्हणून मी कागद दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर पसरतो, पाण्यात ग्लिसरिनचे दोन-तीन थेंब टाकतो आणि सकाळी आठच्या आत काम आटोपून उठतो. श्रावणात सगळं उलटं. तासभर झाला तरी कागद ओलाच, आणि घाई केली की रंगात फुलकोबीसारखे डाग उमलतात. या हवेवर वर्कशॉप कोणी घेत नाही. आठे बठ, म्हणजे येईल.

तू म्हणशील, सर म्हातारे झाले, घरबशेपणाला तत्त्व म्हणतात. थांब. चाळीसगावला स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, पाहिलं नसशील तर तुला लाज वाटायला हवी. १९८९ साली गेले. वर्षानुवर्षं त्या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत, आणि टेबलावर वस्तू मांडून त्यांनी जे फोटो काढले ते बघायला लोक लांबून येतात. भुसावळला रॉबर्ट गिलची कबर आहे. मद्रासच्या फौजेतला हा अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आला आणि वर्षानुवर्षं त्या लेण्यांत बसून तैलरंगात काम करत राहिला. चित्रं विलायतेला गेली आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळी जळाली. माणूस तरीही इकडेच राहिला, १८७९ मध्ये इकडेच गेला. त्याच अजिंठ्यात तांबडा, पिवळा, हिरवा हे रंग माती-दगडातले आहेत. निळा तेवढा लांबून आणलेला. म्हणजे लांबचं आणूच नये असं नाही. पण एक निळा आणायचा का सगळी पेटीच बाहेरून भरायची, हे तू ठरव.

(मूस यांच्यासारखं दार लावून घे असं मी म्हणत नाही. तेवढी ताकद माझ्यात नव्हती आणि तुझ्यात असावी अशी इच्छाही नाही.)

आता कानबाई. तुझं ते वाक्य माझ्या घशात अडकलंय: "रोटाच्या नैवेद्याला पुरुषांच्या नावानं गव्हाच्या मुठी घेतात, माझ्या नावाची मूठ पडत नाही, मग मी कशाला थांबू?" खरं आहे. आमच्या घरीही माणसागणिक सव्वा मूठ गहू, आणि माणूस म्हणजे बाप्या. माझ्या दोन्ही बहिणी पहाटे जात्यावर बसायच्या आणि मोजणीत नसायच्या. हे मला पन्नाशी उलटेपर्यंत दिसलं नाही, आणि मी स्वतःला डोळ्यांचा माणूस म्हणवतो. तुझ्याशी वाद घालायला मला तोंड नाही. आजीशी भांड, मूठ माग. पण भांडून झालं की चुलीपाशी बस, स्केचबुक घेऊन. ज्याच्या नावाची मूठ पडते तो पाटावर बसून जेवतो. त्याला चित्र दिसत नाही. हे मी माझ्या सोयीचं बोलतोय हे कळतंय मला. तरी लिहितो.

कारण मी गेलो होतो. १९९६ चा श्रावण. रविवारी कानबाई, सुरतेहून भाऊबंद आलेले, ओटीवर चपलांचा ढीग. नारळाला डोळे लावून, नथ घालून देवी चौरंगावर बसली होती. माझी बनारसची गाडी भुसावळहून संध्याकाळी होती. आई पुरणाच्या परातीपाशी होती, हात कोपरापर्यंत पिठाचे. म्हणाली, "आठे बठ ना घडीभर." मी म्हणालो, "गाडी चुकेल." पुढच्या श्रावणाला ती नव्हती.

त्या खेपेला मी बावीस चित्रं आणली. अकरा विकली गेली, एक बँकेच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये लागलं. घाटाची पायरी कुठे खचली आहे हे मी आजही डोळे मिटून काढून दाखवीन. पण आईचे ते हात मला काढता येत नाहीत. दरवर्षी बसतो. चाळणी ती कोणत्या हातानं धरायची? बांगड्या वर सारायची की काढून ठेवायची? बहिणींना विचारलं तर दोघी दोन सांगतात.

त्यानंतर मी श्रावणात गाव सोडलं नाही. मुंबईला एका ग्रुप शोचं बोलावणं आलं होतं, चांगल्या गॅलरीत. तारीख कानबाईची निघाली, नाही म्हणून कळवलं. बायको म्हणते, "मुंबईत आपलं चित्र कोणी पाहणार नाही या भीतीला तुम्ही तत्त्व म्हणता." असेल. ती माझ्यापेक्षा कमी बोलते आणि जास्त बघते. पण ते सहा घोडे त्याच हट्टातून निघाले, त्याला भीती म्हण नाहीतर काही म्हण.

तर तिकीट काढलं असशील तर रद्द करायचे पैसे माझ्याकडून ने. त्यात लाजू नकोस. आणि जायचंच असेल तर जा, मी रुसणार नाही. चार दिवस बोलणार नाही एवढंच. पण तिथे गेल्यावर पहिले दोन दिवस पेटी उघडू नकोस. एका पायरीवर बस. छत्रीखालचा म्हातारा सोडून दुसरं काय आहे ते बघ.

थांबलीस तर सोमवारी सकाळी बाया कानबाई डोक्यावर घेऊन तापीवर येतील, तेव्हा मी पुलाच्या खालच्या अंगाला असेन. दोन स्टुलं आणतो, छत्री माझी फाटकी आहे, तुझी आण. पाण्याची बाटली आणू नकोस, नदीचंच घेऊ. श्रावणात तिला इतका गाळ असतो की पहिला वॉश आपोआप गढूळ पिवळा पडतो, यलो ऑकर वाचतो.

आणि निघायच्या आधी आजी चाळणी कोणत्या हातानं धरते ते बघून ये.

— सर