नोड परत आला तरी इलॅस्टिकसर्चच्या रेप्लिका जागेवर का येत नाहीत?

तुम्ही विचारलंय, इलॅस्टिकसर्च या सर्च सॉफ्टवेअरच्या तीन नोडपैकी, म्हणजे मशीनपैकी, एक लाईट जाऊन बंद पडला, आता परत चालू झालाय, तरी क्लस्टर, म्हणजे सगळ्या नोडचा गट, पिवळाच आहे. इंडेक्स, म्हणजे शोधासाठी साठवलेला डेटा, पुसून पुन्हा भरू का? पुसू नका. शार्ड म्हणजे इंडेक्सचे तुकडे. पिवळा म्हणजे प्रायमरी (मुख्य) शार्ड सगळे शाबूत आहेत, त्यांच्या काही रेप्लिका (जादा प्रती) तेवढ्या नोडवर बसलेल्या नाहीत. पण तुम्ही एकच रेप्लिका ठेवली असेल, तर त्या शार्डची आत्ता एकच प्रत उरली आहे. म्हणून तोवर बाकीच्या दोन नोडना हात लावू नका.

मी लावला होता. इथं बेळगावात, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सुट्या भागांचा सर्च मी सांभाळतो. भागाचं नाव मराठीत टाका नाहीतर कन्नडमध्ये, माल सापडतो. जुलैच्या पावसात लाईट गेली, यूपीएसची बॅटरी संपली, एक मशीन पडलं. ते परत आलं तरी पिवळं जाईना, म्हणून मी घाईनं दुसरं रीस्टार्ट केलं आणि क्लस्टर लाल झाला, म्हणजे काही प्रायमरीच हाताशी उरले नाहीत. स्टोअरमधून काकांची हाक आली, "बेअरिंगच सापडेना झालंय की ओ!" ते मशीन वर येईपर्यंत जीव टांगणीला लागला होता.

हे का होतंय, ते क्लस्टरलाच विचारायचं असतं. शार्ड कुठल्या नोडवर ठेवायचा ते ठरवणं म्हणजे अ‍ॅलोकेशन; त्याचा 'अ‍ॅलोकेशन एक्सप्लेन' हा आदेश चालवा. शार्ड कुठल्या नोडवर का बसत नाही ते नोडगणिक लिहून येतं. आमच्याकडे डिस्क निघाली, ८७ टक्के भरलेली. मूळ सेटिंगप्रमाणे ८५ टक्क्यांपुढे त्या नोडवर रेप्लिका दिली जात नाही, ९० नंतर आहेत ते शार्डही हलवायला घेतात, आणि ९५ ला त्या नोडवरच्या इंडेक्समध्ये लिहिणंच बंद होतं. बाकीच्या दोन मशीनवरही जागा नव्हती. जुने लॉग काढले आणि रेप्लिका आपोआप भरू लागल्या.

डिस्क मोकळी असेल तर अ‍ॅलोकेशनचं सेटिंग बघा. देखभालीच्या वेळी ते 'प्रायमरीज'वर ठेवतात आणि परत 'ऑल' करायचं राहून जातं. लागोपाठ ५ प्रयत्न फसले असतील तर क्लस्टर स्वतःहून पुन्हा प्रयत्न करत नाही. अडचण दूर करून 'रीरूट' या आदेशाला 'रिट्राय फेल्ड' (फसलेले पुन्हा करून बघ) हा पर्याय द्यावा लागतो.

एकदा सुरू झालं की धीर धरा. नोड थोडाच वेळ बाहेर असेल तर बहुतेक वेळा मधल्या नोंदीच पाठवल्या जातात, नाहीतर फायली पूर्ण कॉपी होतात. मूळ मर्यादा सेकंदाला ४० एमबी, म्हणजे १०० जीबीला पाऊण तास धरा.

आपल्याकडे खानापूरपासून निपाणीपर्यंत पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही. नोड गेल्यावर क्लस्टर १ मिनिट वाट बघतो आणि दुसरीकडे रेप्लिका बांधायला घेतो. मी ते ५ मिनिटं केलंय, तेवढ्यात मशीन परत उभं राहतं.

आणि लाल झालाच, तर शिळ्या, म्हणजे ताज्या नोंदी नसलेल्या, प्रतीला प्रायमरी करण्याचा आदेश लगेच देऊ नका. त्यात 'डेटा गेला तरी चालेल' असं लिहून द्यावं लागतं. बंद मशीनची डिस्क खरंच मेली आहे का, ते आधी उघडून बघा.