नवा डबा, जुनं माप: वरचं दूध पाजणाऱ्यांनी आधी हे तपासा

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि मग झोपच लागली नाही. बाळ 24 दिवसांचं, जन्माचं वजन 2.9 किलो, आज जेमतेम 3. सहाव्या दिवसापासून वरचं दूध, डब्यातल्या पावडरचं. आठवड्यापूर्वी नेहमीचा डबा मिळाला नाही म्हणून दुसऱ्या कंपनीचा आणलात. दर दोन तासांनी 60-70 मिली पितं, तरी भुकेलं रडतं, दिवसाला दहा-बारा लंगोट ओले होतात. दवाखान्यात म्हणतात "पाजत राहा", आणि सासूबाई म्हणतात दूध जड पडतंय, अजून पातळ कर.

पातळ करू नका. बाकीचं नंतर वाचा, पण हे आत्ता ऐका.

मी डॉक्टर नाही, सांगलीची एक आई आहे. माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे. तुम्ही लिहिलंय ते सगळं, अगदी त्या दहा-बारा लंगोटांसकट, आमच्या घरात घडलंय. म्हणून बाटल्या कुठल्या घ्यायच्या, निपल कसलं, ते मी सांगत बसत नाही. आमचं नेमकं कुठे चुकलं तेवढं सांगते.

सिझेरियन झालं, रक्त बरंच गेलं, दूध उतरलंच नाही म्हणा. चौथ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा कार्डावर "टॉप फीड", म्हणजे वरचं दूध, "गरज पडल्यास" एवढंच. कसं बनवायचं हे सिस्टरना विचारलं तर त्या भिंतीवरच्या स्तनपानाच्या पोस्टरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आम्हाला पावडरच्या दुधाबद्दल बोलायला परवानगी नाही." मी गप्प बसले. तेव्हा वाटलं, नियमच असेल.

दिरांनी न्यू जर्सीहून येताना दोन डबे आणले होते. त्यावर लिहिलेलं होतं, 2 औंस पाण्याला एक चमचा. 2 औंस म्हणजे जवळपास 60 मिली. आमच्या आईने ते पाठच करून टाकलं, "साठला एक". रात्री तीन वाजता अर्धवट झोपेतही कुणी चुकायला नको म्हणून फ्रीजवर चिठ्ठी लावली, साठला एक. ते डबे असेपर्यंत सगळं सुरळीत होतं. चौदाव्या दिवशी वजन 2.75, म्हणजे जन्माच्या 2.7 च्या वर. बाळं पहिल्या काही दिवसांत थोडं वजन गमावतात आणि साधारण दोन आठवड्यांत भरून काढतात. तसंच झालं.

सोळाव्या दिवशी इथला डबा फोडला. 400 ग्रॅमचा. त्यात त्याचाच चमचा होता, आणि आम्ही तोच वापरला. "डब्यातलाच चमचा वापरा" हे तर सगळेच सांगतात, आम्ही तो नियम तंतोतंत पाळला. पण या डब्याचं माप होतं 30 मिलीला एक. चमचा लहान, आमच्या डब्याचा साडेचार ग्रॅमच्या आसपास. चमचा बदलला, फ्रीजवरची चिठ्ठी बदलली नाही. 60 मिली पाण्यात एक लहान चमचा. पुढचे 14 दिवस माझ्या लेकीला निम्म्या ताकदीचं दूध मिळत होतं.

तिच्याकडे बघून काही कळत नव्हतं, ताई, म्हणूनच इतकं लांबलं. दूध पांढरं दिसायचं, फेसही यायचा. शू भरपूर, त्यामुळे घरातले सगळे निर्धास्त. दूध पुरतंय की नाही याची खूण म्हणून दिवसाला सहा-सात ओले लंगोट बघायला सांगतात, आमचे तर बारा. अर्थात होणारच, पोटात नुसतं पाणी जात होतं. ती बाटली संपवायची, पाच मिनिटं शांत राहायची आणि मग हाताच्या मुठी चोखायला लागायची. आई म्हणायची, गॅस धरलाय. ओवा-हिंगाचा लेप झाला, शेक झाला. आणि डबा नऊ-दहा दिवस पुरला म्हणून आम्हाला बरंसुद्धा वाटलं.

तेविसाव्या दिवशी त्याच दवाखान्यात वजनाला नेलं. 2.8 भरलं. केस पेपरवर आकडा लिहिला आणि म्हणाले, "कमी आहे, जास्त पाजा." आम्ही जास्त पाजायला लागलो. तिसाव्या दिवशी 2.78. पुन्हा तेच वाक्य, आणि वर एक टॉनिक. दोन्ही वेळा एकानेही विचारलं नाही की दूध कसं बनवता. किती पाजता विचारलं, किती वेळा पाजता विचारलं. कसं बनवता, हे नाही. माझा राग अजून गेलेला नाही. चूक आमची होती, ती मी नाकारत नाही, पण ती पकडायला एक प्रश्न पुरला असता.

पकडली दुसऱ्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी. शेजारणीच्या सांगण्यावरून त्याच संध्याकाळी गेलो. त्यांनी वजनाचे आकडे बघितले, टाळूवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "डबा आणलाय का? माझ्यासमोर बनवा." ह्यांनी बाटलीत थर्मासमधलं पाणी साठच्या रेघेपर्यंत घेतलं, एक चमचा सपाट करून टाकला, झाकण लावलं आणि हलवायला सुरुवात केली. बाईंनी विचारलं, "दुसरा चमचा?" खोलीत कुणी काही बोललं नाही. त्यांनी डबा फिरवून मागचा तक्ता आमच्यासमोर धरला. 60 मिली, 2 चमचे. ह्यांच्या हातातली बाटली तशीच होती.

रक्त तपासलं, सोडियम थोडं खाली आलेलं होतं. नवजात बाळाच्या मूत्रपिंडांना जास्तीचं पाणी पुरेसं बाहेर टाकता येत नाही, रक्तातलं मीठ उतरतं आणि फार उतरलं तर झटके येतात, असं त्यांनी समजावलं. एक रात्र देखरेखीखाली ठेवलं, माप दुरुस्त केलं. पुढच्या दहा दिवसांत 350 ग्रॅम वाढली. तान्ह्या बाळाचं वजन रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढावं, म्हणजे तिने त्याहून जास्तच भरून काढलं.

आता तुमचा हिशेब करू. पहिल्या आठवड्यानंतर बाळाला दिवसाला किलोमागे साधारण 150 मिली दूध लागतं. 3 किलोला 450. तुमचं बाळ दोन तासांनी 60-70 पितंय म्हणजे 700 च्या पुढे जातंय, आणि वजन जागचं हलत नाही. इतकं पिऊन वाढत नसेल तर दूध कमी नाही, दुधात काहीतरी कमी आहे, असं माझं मत. मत म्हणतेय, निदान नाही. दुसरं कारणही असू शकतं, आणि ते डॉक्टरच सांगतील. पण आधी दोन्ही डबे शेजारी ठेवा. जुना टाकला असेल तर त्याचा फोटो शोधा. एका चमच्याला पाणी किती, एवढंच वाचा. दुसरी परीक्षा डब्याची. 400 ग्रॅमचा डबा, 30 मिलीला एकाचं माप आणि दिवसाला 450 मिली, तर तो सहा दिवसांच्या आसपास संपायला हवा. दहा दिवस चालला तर थांबून विचार करा. बाटलीवर एका बाजूला औंस आणि दुसऱ्या बाजूला मिली असतात, रात्री तिथेही नजर चुकते. मी औंसाच्या बाजूला चिकटपट्टी लावून टाकली होती.

उलटी चूकही तितकीच वाईट. मोठा चमचा लहान मापाच्या डब्यात गेला, किंवा "अंगी लागावं" म्हणून अर्धा चमचा जास्त घातला, तर दूध घट्ट होतं, बाळाच्या अंगातलं पाणी कमी पडतं, शी कडक होते आणि सोडियम वर चढतं. चमचा हलक्या हाताने भरायचा, दाबायचा नाही, शीगही ठेवायची नाही, सुरीच्या पाठीने सपाट करायचा. पाणी नेहमी आधी मोजायचं. 60 मिली पाण्यात दोन चमचे पडले की दूध साठच्या रेघेच्या वर जातं, ते बरोबरच आहे. पावडर आधी टाकून साठच्या रेघेपर्यंत पाणी घातलं तर ते घट्ट होईल.

सासूबाईंबद्दल एक सांगते, त्यांच्यावर चिडू नका. त्यांच्या काळी वरचं दूध म्हणजे गाईचं नाहीतर म्हशीचं, आणि ते तान्ह्याला पाणी घालूनच देत. "पातळ कर" तिथून आलंय. पावडर मुळातच तान्ह्या बाळाच्या हिशेबाने बनवलेली असते, तिच्यात आणखी पाणी घातलं की तो हिशेब मोडतो. आमच्या आईला असं सांगितल्यावर लगेच पटलं. गाईचं दूध वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून देऊ नका, हेही त्याच वेळी सांगून टाका.

आणि "आम्हाला बोलायला परवानगी नाही" हे कुणी ऐकवलं तर मान्य करू नका. बाळाच्या पावडरच्या दुधावरचा कायदा 1992 चा आहे, 2003 मध्ये त्यात सुधारणा झाली. त्यात जाहिरात, फुकट नमुने, भेटवस्तू, सवलती यांना बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. कंपन्यांनी दवाखान्यांत शिरून आयांच्या मनात अंगावरच्या दुधाबद्दल शंका पेरू नये म्हणून तो आहे. पण त्याच कायद्यात असंही आहे की पावडरचं दूध कसं द्यायचं हे आईला किंवा घरच्यांना दाखवायचं तर ते फक्त आरोग्य कर्मचाऱ्याने, आणि चुकीच्या वापराचे धोकेही त्यानेच समजावायचे. म्हणजे कायद्याने दाखवण्याचं काम दिलंय ते नेमकं त्यांनाच! मला हे तेव्हा माहीत असतं तर मी त्या खुर्चीवरून उठले नसते. तुम्ही उद्या जाल तेव्हा डबा, चमचा, बाटली आणि थर्मास घेऊनच जा. "मी बनवते, तुम्ही बघा" म्हणा. टाळाटाळ केली तर दुसरा डॉक्टर गाठा.

पाण्याचंही विचारलंत. पावडर निर्जंतुक नसते, हे फार जणांना माहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या सूचनेप्रमाणे पाणी उकळून, अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे निदान 70 अंश गरम असताना पावडर घालायची, मग बाटली गार पाण्याच्या धारेखाली धरून निववायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचा. आपल्याकडच्या बऱ्याच डब्यांवर मात्र कोमट पाणी लिहिलेलं असतं, कारण फार गरम पाण्याने काही जीवनसत्त्वं आणि घातलेले चांगले जिवाणू कमी होतात. मी 70 अंशवाल्या बाजूची आहे, निदान पहिले दोन महिने आणि कमी वजनाच्या बाळासाठी. पण हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. फिल्टरचं किंवा विकतच्या बाटलीचं पाणीही उकळायचंच. बोअरचं असेल तर वापरू नका. उकळल्याने जंतू मरतात, पण बोअरच्या पाण्यात नायट्रेट नावाचा विरघळलेला क्षार असू शकतो, तो जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतो, आणि तान्ह्यांना त्याने बाधा होते, अंग निळं पडतं.

बनवलेलं दूध दोन तासांच्या आत संपवा. बाळाने तोंड लावून उरलेलं तर टाकूनच द्या. जीव हळहळतो, डबा महाग आहे, मला माहीत आहे. रात्रीसाठी थर्मासमध्ये उकळतं पाणी आणि छोट्या कोरड्या डबीत मोजलेली पावडर अशी तयारी ठेवा, दूध मात्र ऐनवेळीच बनवा. मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, बाटली बाहेरून कोमट लागते आणि आत कुठेतरी चटका बसेल इतकं दूध तापलेलं असतं.

अंगावर थोडं जरी येत असेल तरी प्रत्येक बाटलीआधी बाळाला पाजायला घ्या. माझं उशिरा, दुसऱ्या महिन्यात, थोडं वाढलं. नाही वाढलं तरी स्वतःला दोष देऊ नका. बाटलीने पाजणारी आई कमी आई नसते, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. फक्त बाटली उशीला टेकवून बाळाला एकटं ठेवू नका. मांडीवर घ्या, डोकं जरा वर, त्याच्या डोळ्यांत बघा. वाटी-चमचा किंवा बोंडलं जमत असेल तर ते अधिक चांगलं, धुवायलाही सोपं. निपलच्या खाचेत साय अडकते ती दिसतही नाही.

एवढं मात्र नीट ऐका. बाळ ढिलं पडलं, पाजायला उठवलं तरी उठत नाही, हात-पाय झटकतंय, टाळू खोल गेली, शू अचानक कमी झाली, किंवा ताप 100.4 ला पोचला, तर मापं-बिपं बाजूला ठेवा, रात्र असली तरी निघा.

डबे तपासलेत की जुन्याचं आणि नव्याचं माप इथे लिहा, आणि उद्याच्या वजनाचा आकडाही. मी दिवसभर बघत असेन.