नदीच्या मध्यावर घोडा

प्रश्न : युद्ध चालू असताना अमेरिकेचा अध्यक्ष निवडणूक हरत नाही, असं आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटात एकाने छातीठोकपणे सांगितलं. खरं आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : मोठ्या युद्धांपुरतं बोलायचं तर कागदावर खरं आहे. १८१२ मध्ये मॅडिसन, १८६४ मध्ये लिंकन, १९४४ मध्ये रूझवेल्ट, १९७२ मध्ये निक्सन, २००४ मध्ये धाकटे बुश, सगळे जिंकले. पण जे मैदान सोडून गेले ते या यादीत येतच नाहीत. कोरियाचं युद्ध रखडलेलं असताना १९५२ च्या मार्चमध्ये ट्रुमन न्यू हॅम्पशायरच्या पक्षांतर्गत फेरीत हरले आणि त्याच महिन्यात त्यांनी माघार घेतली. १९६८ मध्ये व्हिएतनामने जॉन्सन यांच्यावरही माघारीची वेळ आणली. ही दोन नावं तुमच्या मित्रांना जरूर सांगा.

माझ्या मते मतदार युद्धाकडे पाहत नाही, शेवट दिसतोय का ते पाहतो. १९७१ च्या डिसेंबरात माझा थोरला भाऊ आघाडीवर होता. आई दुपारभर ओट्यावर बसून पोस्टमनची सायकल दिसते का बघायची. रेडिओवर काहीही सांगोत, तिचा प्रश्न एकच : "संपणार कधी?"

इतिहास शिकवताना मी लिंकनपाशी हमखास रेंगाळत असे. तेव्हा अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलं होतं आणि लिंकन उत्तरेच्या बाजूचे अध्यक्ष होते. नदी ओलांडताना घोडे बदलू नयेत, म्हणजे युद्धाच्या मध्यावर अध्यक्ष बदलू नये, असं ते जून १८६४ मध्ये म्हणाले होते. पण व्हर्जिनियात उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्या फौजेची माणसं हजारोंनी पडत होती आणि जुलैत आणखी ५ लाख सैनिकांची मागणी निघाली. २३ ऑगस्टला लिंकननी एका कागदावर लिहिलं, की हे सरकार पुन्हा निवडून येण्याची शक्यता दिसत नाही. कागद दुमडला आणि मंत्र्यांना न वाचताच मागच्या बाजूला सह्या करायला लावल्या. दहा दिवसांत, २ सप्टेंबरला, उत्तरेचाच सेनापती शर्मन याने दक्षिणेतलं अटलांटा शहर घेतलं आणि वारं फिरलं. नोव्हेंबरात लिंकनना निर्वाचक मंडळाची २१२ मतं मिळाली, प्रतिस्पर्धी मॅक्लेलनना २१.

इंडियाना राज्यात सैनिकांना छावणीतून मतदानाची सोय नव्हती. तिथे ऑक्टोबरात राज्याची निवडणूक होती. लिंकननी शर्मनला पत्र लिहिलं : धोका नसेल तेवढ्या जवानांना घरी जाऊ द्या, अध्यक्षपदाच्या मतदानापर्यंत त्यांनी थांबायची गरज नाही, लगेच परत येऊ दे. स्वतःच्या निवडणुकीसाठी त्यांनी ती माणसं मागितली नाहीत, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आणि मॅक्लेलन म्हणजे उत्तरेच्याच फौजेचे एके काळचे लाडके सेनापती. त्यांच्या पक्षाचा जाहीरनामा लढाई थांबवा म्हणत होता. तरी सैनिकांच्या दर चार मतांतली तीन लिंकनच्या पारड्यात पडली. लढाई चालू राहिली तर मरायचं कोणाला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.