चंदगडची मुलगी, बारावी सायन्स झालंय, कॉलेज बेळगावला घ्यावं की कोल्हापूरला?

नकाशावर बघितलं तर बेळगावच जवळ, कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर, त्यामुळं घरच्यांना बेळगाव वाटणं साहजिकच आहे. पण मधी राज्याची हद्द आहे आणि तिथंच सगळं फिरतं बघा.

तिकडं युनिव्हर्सिटी वेगळी, कर्नाटकची सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा वेगळी, आणि २०२४ पासून आपल्या सरकारनं ८ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना इंजिनिअरिंग-फार्मसीसारख्या कोर्सच्या ट्यूशन आणि परीक्षा फीची जी पूर्ण माफी दिलीय ती महाराष्ट्रातल्या कॉलेजात कॅप राउंडनं, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतनं, ॲडमिशन घेतलं तरच मिळते. हे आधी तपासा, मग एसटीच्या पासचा हिशोब करा.

इंजिनिअरिंग असेल तर नुसतं कोल्हापूर शहर धरून बसू नका, सांगलीचं वालचंद कॉलेज आहे, टेक्स्टाईलमधी जायचं असेल तर इचलकरंजीचं डीकेटीई कॉलेज आहे, कोल्हापूर, सांगली, सातारा तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाचेच.

साधं बीएस्सी करायचं असेल तर मात्र चंदगड नाहीतर गडहिंग्लजलाच करू द्या, डिग्री त्याच विद्यापीठाची मिळते. फक्त तिला हवा तो विषय तिथं तिसऱ्या वर्षापर्यंत आहे का हे कॉलेजात जाऊन विचारा, गावाकडं बऱ्याच ठिकाणी स्पेशलला दोन-तीनच विषय असतात आणि मग पोरी आवडीचं सोडून जे आहे ते घेतात, याचं लय वाईट वाटतं.

कोल्हापूरला यायचं ठरलं तर होस्टेलचा फॉर्म ॲडमिशनबरोबरच भरा, रोज जाऊन-येऊन जमणार नाही.