मॉरिशसच्या रॉड्रिग्ज बेटावर काफे मारों या रानटी झुडपाचं एकच झाड उरलं होतं, मग कटिंग करून हजार रोपं का नाही केली? बियांसाठी एवढा आटापिटा कशाला?

रोपं केली की. तिथेच तर घोडं अडलं.

मी चार वर्षं मॉरिशसला एका कपड्यांच्या फॅक्टरीत अकाउंट्स बघायचो, तेव्हा सुट्टीत रॉड्रिग्जला गेलो होतो. ग्रां मोंतान्यच्या राखीव जंगलात गाइडने दोन झुडपं दाखवली, एकाची पानं अरुंद, लांबलचक, तपकिरी, दुसऱ्याची चांगली हिरवी रुंद. मी म्हटलं हे पहिलं वाळलं वाटतं. तो हसला, म्हणे दोन्ही काफे मारोंच, हे पोर आणि ती आई. पूर्वी बेटावर मोठाली कासवं होती, त्यांनी खाऊ नये म्हणून लहानपणी हे सोंग, असं मानतात. कासवं संपली आणि शेळ्या आल्या, त्या कसल्या फसतायत.

झाड नामशेष झालं असंच धरलेलं, १९८० च्या सुमारास एका शाळकरी पोराला सापडलं, कारण गुरुजींनी वर्गात जुनं चित्र दाखवलेलं. बातमी फुटली तसे लोक फांद्या तोडायला हजर, दारू उतरवायला आणि गुप्तरोगावर औषध म्हणून! शेवटी कुंपण घालावं लागलं. १९८६ ला लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती उद्यानाला कटिंग गेली, त्यातलं एक जगलं, त्याची पुढे रोपं झाली, चांदणीसारखी पांढरी फुलंही यायची, पण फळ धरेना. २००३ मध्ये तिथले बागकामतज्ज्ञ कार्लोस मॅग्डालेना यांनी स्त्रीकेसराचं टोक कापून तिथेच पराग लावले तेव्हा कुठे बी मिळालं.

कटिंगची हजार रोपं म्हणजे एकच झाड हजार ठिकाणी उभं, एक रोग आला की सगळी एकदम आडवी. हेच आमच्या दादाला दहा वर्षं सांगतोय. आमच्या आगरात पणजोबांच्या वेळचा रायवळ आंबा होता, "कलम बांधून ठेवलंय की रे" म्हणत त्याने तो लाकूडवाल्याला दिला, कलम दुसऱ्या उन्हाळ्यात वाळलं, आणि कोयी कोणी ठेवल्याच नव्हत्या. वर मलाच म्हणतो, तू हिशेबातला माणूस, तुला झाडातलं काय कळतं.

आता कटिंग फुकट असं नाही म्हणत मी, ते एक जगलं नसतं तर बी कुठून येणार होतं. आणि बियांची रोपं पण त्याच एका झाडाची, म्हणजे धोका टळला असंही नाही.

दादा हे वाचणार नाही, वहिनी वाचतील. वहिनी, विहिरीजवळच्या बिटकी आंब्याला हात लावू देऊ नका, आणि यंदाच्या कोयी टाकू नका, मी मे महिन्यात येतोय.